झाडांची पाहणी, परवानगी आणि तोडणी: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

एरंडवण्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीत गेल्या फेब्रुवारीत आवारातल्या झाडांची पाहणी करून घेतली. मे महिन्यात एक गुलमोहर काढला, मे-जूनमध्ये दोन झाडांची छाटणी केली. तेव्हाच काहींनी विचारलं होतं, कसा आला अनुभव म्हणून. पण पावसाळा निघाल्याशिवाय असल्या कामाबद्दल बोलण्यात काही अर्थ नसतो. आता दिवाळी झाली. सेक्रेटरी म्हणून सगळं प्रकरण माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे पाण्यात गेले हे मला नेमकं सांगता येईल.

आधी गुण देऊन टाकते. पाहणीला पाचपैकी पाच. तोडणीला चार. छाटणीला दीड, तोही आंबा नीट छाटला म्हणून.

आवारात मोठी झाडं चार: गेटजवळ गुलमोहर, पार्किंगच्या पत्र्यांवर कललेला आंबा, मागच्या भिंतीपाशी बुचाचं झाड आणि कोपऱ्यात नारळ. भिंतीच्या फटीत आपसूक उगवलेली सुबाभूळ मोजत नाही. आमच्याकडे सहा बिऱ्हाडं आणि सात मतं, पण आंबा आधी काढायचा यावर मात्र सभेत एकमत होतं. तो तिरका दिसतो ना! गुलमोहराचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. दर मे महिन्यात तो लालभडक फुलतो, पोरं खाली फोटो काढतात, त्याला कशाला कोण नावं ठेवेल?

पाहणीला आलेले गृहस्थ वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. झाडं तोडण्याचा धंदा नाही, कुठल्या ठेकेदाराशी देणंघेणं नाही. ही अट मी मुद्दाम घातली होती. फुकट पाहणी करून देणारे तोडणीवाले बरेच भेटतात, पण ज्याचं पोट लाकडावर चालतं त्याला प्रत्येक झाड धोकादायकच दिसणार. उलट नुसता झाडांवर जीव असलेला माणूस आणला तर तो एकाही झाडाला हात लावू देणार नाही. आम्हाला दोन्ही नको होतं. त्यांनी साडेतीन हजार घेतले. त्यावर सभेत कुरकुर झाली, "नुसतं बघायचे एवढे?" असंही कोणी तरी म्हणालं.

त्यांच्याकडे लाकडी हातोडा, एक बारीक लांब ड्रिल, दुर्बीण आणि टेप. आम्ही सगळे माना वर करून शेंड्याकडे बघत उभे, आणि हे गुडघ्यावर बसून बुंध्याभोवतीचा कचरा बाजूला करतायत. "वरचं मग बघू, आधी पाय बघू दे," म्हणाले.

आंब्यापाशी फार वेळ गेला नाही. झाड कललेलं होतं, पण त्याचा शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला. म्हणजे लहानपणीच कललं आणि तसंच वाढलं. कलाच्या उलट बाजूची मुळं जाड, घट्ट. तिथल्या मातीला भेग नाही, उचललेपणा नाही. झाड अलीकडे कलू लागलं असेल तर त्याच बाजूची माती फुगते, तडकते, आणि शेंडाही खोडाबरोबर तिरकाच राहतो. पत्र्यांवर आलेली एक वाळकी फांदी काढा आणि आंबे खा, असा निकाल मिळाला.

गुलमोहरापाशी मात्र ते बराच वेळ बसून होते. बुंध्याला उभ्या भिंतीसारखी मुळं असतात ना, त्यांतल्या दोन मुळांच्या बेचक्यात, पेव्हर ब्लॉकच्या अगदी कडेला तांबूस-तपकिरी बुरशीचं कवच आलेलं होतं. वरून चकचकीत, पॉलिश केल्यासारखं, कडेला पांढरी किनार. आमचा वॉचमन रोज त्यावर झाडू टेकवून ठेवायचा. कोणालाच ते वेगळं वाटलं नव्हतं, सालीचाच भाग असावा अशी समजूत. सरांनी माझ्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि कवचाच्या वरच्या अंगाला, सालीत टेकवला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तर टोकाला ओलसर, पांढुरके धागे.

ही गॅनोडर्मा. आतलं लाकूड आणि मुळं खाणारी बुरशी. पानांना पाणी पोचवण्याचं काम सालीलगतच्या बाहेरच्या लाकडाकडे असतं, म्हणून आतून पोखरलेलं झाडसुद्धा वरून हिरवंगार दिसतं, फुलतंही. तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "एवढं फुलतंय आणि आजारी कसं हो?" त्यांना सरांनी हेच शांतपणे, दोनदा समजावून सांगितलं.

बुरशी आली कुठून याचाही माग लागला. दोन वर्षांपूर्वी ड्रेनेजची लाइन बदलली तेव्हा जेसीबीनं बुंध्यापासून हातभर अंतरावर चर खणला होता. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीतच पसरलेली असतात, खोल जात नाहीत. गुलमोहराची तर फारच उथळ. म्हणजे रस्त्याच्या बाजूची मुळं तेव्हाच तुटली, जखमा उघड्या राहिल्या, वरून पेव्हर अगदी बुंध्याला भिडवून बसवले. पुण्यात पदपथावर आणि सोसायट्यांत हे चित्र जागोजागी दिसतं. वादळात झाड पडलं की दोष वाऱ्याला जातो.

बुचाच्या झाडाची गोष्ट जरा गुंतागुंतीची. हातोडा मारला की एका बाजूनं पोकळ आवाज येत होता. पोकळ म्हणजे लगेच धोकादायक नव्हे, हे मला नवीन होतं. सरांनी तीन ठिकाणी बारीक ड्रिल घातलं आणि ते कुठे एकदम सैल पडतं ते पाहिलं. पोकळीभोवतीचं घट्ट लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून जाड असेल आणि ढोलीला मोठं तोंड नसेल, तर खोड सहसा तग धरतं, असा ढोबळ नियम आहे. आमचं झाड त्यात बसत होतं. अडचण वर होती. बुचाचं लाकूड ठिसूळ, आणि दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यातून निघालेल्या, मधे साल दाबली गेलेली. असा सांधा वाऱ्यात फाटतो. त्यांतल्या एका फांदीचं वजन कमी करायचं, झाड ठेवायचं असं ठरलं.

आणखी एक प्रश्न त्यांनी प्रत्येक झाडाबाबत विचारला: हे पडलं तर कशावर पडेल? गुलमोहराखाली आमचं गेट, आणि सकाळी तिथेच शाळेच्या रिक्षा थांबतात. नारळाखाली कोणी उभं राहत नाही, पण झावळ्या आणि नारळ वेळच्या वेळी उतरवायला सांगितलं. सुबाभूळ भिंत फोडण्याआधी काढा म्हणाले. फोटो लावलेला दोन पानांचा अहवाल मिळाला. प्रत्येक झाडापुढे काढा, छाटा किंवा लक्ष ठेवा, आणि कारण. साडेतीन हजार या दोन पानांचे होते. सभेतलं भांडण त्यांनी मिटवलं आणि परवानगीच्या अर्जालाही तीच जोडली.

परवानगीबद्दल थोडक्यात. झाड आपल्या जागेत असलं तरी ते आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे. पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, हरकतींसाठी मुदत असते, मग निर्णय. सुबाभळीचाही त्याच अर्जात उल्लेख केला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि नियम आणखी कडक होतात. आमचा गुलमोहर इमारतीनंतर लावलेला, तेवढा जुना नव्हता. सल्ला एवढाच की अर्ज हिवाळ्यात करा. मे महिन्यात वळीव कोसळायला लागल्यावर सगळ्या गावालाच आपापल्या झाडांची आठवण होते.

शेजारच्या एका काकांनी मला बाजूला घेऊन बुंध्याला भोक पाडून अ‍ॅसिड ओतायचा सल्ला दिला होता. "आपोआप वाळेल, मग परवानगीची कटकट नाही." कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं कापणं नव्हे, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं त्यातच येतं. कायदा सोडा, वाळकं झाड ओल्या झाडापेक्षा जास्त ठिसूळ होतं आणि त्यावर चढायला कोणी शहाणा माणूस तयार होत नाही. काका अजूनही अधूनमधून त्या सल्ल्याची आठवण काढतात.

तोडणीसाठी दोन ठेकेदार पाहिले. पहिल्यानं फोटो पाहून फोनवरच भाव सांगितला: जवळपास निम्मा, लाकूड त्याचं, संध्याकाळपर्यंत मोकळं. दुसरा जागेवर आला आणि आधी वायरी कुठे आहेत ते विचारलं. अहवाल वाचून म्हणाला, "या झाडावर माझा माणूस चढणार नाही." तिथेच त्याला काम द्यायचं ठरवलं. बुंधाच कुजलेला असताना माणसानं दोर त्याच झाडाला बांधून वर जायचं, शेंडा कापायचा, आणि तुकडा सुटताना बसणारा हिसका त्याच कुजक्या बुंध्यानं सोसायचा, हे गणितच चुकीचं आहे. त्यानं पाळणा असलेली गाडी आणली, रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला असते तशी. एकूण खर्च पस्तीस हजारांच्या घरात गेला, त्यातला मोठा वाटा या गाडीचा.

कामाच्या दिवशी महावितरणला आधी कळवून सर्व्हिस वायरचा पुरवठा बंद करून घेतला होता, गाड्या बाहेर काढल्या होत्या, दोन्ही बाजूंना पट्टी बांधून एक माणूस नुसता रस्ता अडवायला उभा. झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी उतरवलं. बारीक फांद्या सोडून दिल्या, जाड तुकडे दोरानं. दोराला आंब्याच्या बुंध्याभोवती दोन वेढे देऊन खालचा माणूस तो हळूहळू सैल करत होता. हा दोर कशाला हवा असं वाटत असेल तर हिशेब करून पाहा: एक फूट जाडीचा आणि दोन मीटर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या पुढे जातो. तो तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पेव्हरवर पडला तर पेव्हर उरत नाहीत, खालची ड्रेनेज लाइनही नाही. आंब्याची वाळकी फांदी त्यांनी आधी खालून थोडी कापली, मग वरून, म्हणजे तुटताना खोडाची साल सोलत खाली येत नाही. उरलेलं खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापलं. वर डांबर-बिंबर काही फासलं नाही. आज त्या जागी चारी बाजूंनी नवी साल गोल वळत आत येताना दिसते.

गुलमोहराचा बुंधा कापला तेव्हा आजीही खुर्ची टाकून बघत होत्या. रस्त्याच्या बाजूचं लाकूड हातानं कुस्करलं जात होतं. घट्ट लाकूड फक्त इमारतीच्या बाजूला, कमानीसारखं उरलेलं. सभेतला एकही माणूस त्यावर काही बोलला नाही, आणि आमच्याकडे हे क्वचित घडतं.

गुण कशाचे कापले? खाली काम करणारा एक मुलगा सकाळी चपला घालून आला. मी हटकलं तेव्हा ठेकेदारानं बूट मागवले, म्हणजे बूट गाडीत होतेच. कंपाउंडच्या भिंतीचं कोपिंग, म्हणजे माथ्यावरचा थर, फुटलं, ते दुरुस्त करून द्यायला पावसाळ्याअखेरपर्यंत चालढकल झाली. पालापाचोळा "उद्या उचलतो" म्हणून चार-पाच दिवस तिथेच.

खरा राग बुचावरून आहे. त्यावर कावळ्याचं घरटं होतं, पिल्लं उडेपर्यंत थांबलो आणि जूनअखेरीस छाटणी झाली. सर तेव्हा गावाला गेलेले. अहवालात एका फांदीचं वजन कमी करा असं स्पष्ट लिहिलेलं असताना त्याच लोकांनी दोन्ही फांद्या अर्ध्यावर उडवून झाड बोडकं केलं. "ताई, आता चार वर्षं बघायला नको!" झाड बोडकं केलं की उघड्या टोकांपासून फुटव्यांचा झुबका येतो. ते आतल्या लाकडातून निघालेले नसतात, वरवर चिकटलेले असतात, आणि भराभर वाढून जड होतात. म्हणजे चार वर्षांनी आत्तापेक्षा धोकादायक झाड तयार. आता नोव्हेंबरमध्येच हे फुटवे माझ्या उंचीचे झालेत.

जूनमधल्या वादळात गल्लीच्या टोकाला दुसऱ्या सोसायटीचं झाड एका गाडीवर आडवं झालं, अग्निशमन दलाला बोलवावं लागलं. आमच्याकडे बुचाची एक बारीक काटकी आणि दोन झावळ्या पडल्या. आंबा जागचा हलला नाही. त्यावरून आमचा गुलमोहर नक्की पडलाच असता असं मी म्हणणार नाही. पण रिक्षा त्याच जागी थांबत होत्या आणि मला त्या वाऱ्यात झोप लागली.

तोटेही आहेत. आजींचा हॉल आता दुपारी तापतो, पडदे बदलावे लागले. जमिनीलगत कापलेल्या खुंटावर पावसाळ्यात तीच बुरशी पुन्हा उगवली, आणि मुळं कुजतील तसे तिथले पेव्हर खचायला सुरुवात झाली आहे. खुंट मुळासकट काढायचा वेगळा भाव सांगितला होता, तो तेव्हा जास्त वाटला. तिथे पुन्हा गुलमोहर लावू नका असं सरांनी बजावलं होतं. ड्रेनेजपासून लांब, पश्चिमेच्या भिंतीकडे बहावा आणि ताम्हण लावलेत. बहाव्याची पानं पावसात अळ्यांनी खाल्ली होती, आता पुन्हा पालवी आहे.

जानेवारीत सरांना पुन्हा बोलावलं आहे. बुचाचे फुटवे विरळ करायचे, टोकांपाशी एखाद-दुसरा जोमदार ठेवून बाकीचे काढायचे. ठेकेदाराचा भाव आला आहे. सर स्वतः खाली उभे असतील त्याच दिवशी काम करायचं, असं त्याच्या कोटेशनवर लिहून घेतलं आहे.