टेक्सासच्या थंडीत पाळायला कोणतं हरीण, चितळ की सिका?

फेब्रुवारी २०२१ च्या बर्फवादळात टेक्सासच्या हिल कंट्री या डोंगराळ भागात पारा उणे १० अंशांच्याही खाली गेला आणि रँचवरची चितळं मोठ्या संख्येने दगावली. आपल्या ताडोबात दिसतं तेच हे चितळ, १९३२ च्या सुमारास तिकडे नेलेलं. अंगावर दाट हिवाळी केस येत नाहीत, चरबी बेताची, आणि पाडसं वर्षभर कधीही जन्मतात, अगदी भर गारठ्यातही. त्यात गवत बर्फाखाली गाडलेलं, पाण्याची टाकी गोठून दगड.

सिका मूळचं जपान आणि पूर्व आशियातलं. हिवाळ्यात केस दाट, गडद होतात. ठिपकेही जवळपास दिसेनासे. पाडसं उन्हाळ्याच्या तोंडावर.

देखणं चितळच, वादच नाही! पण आडोसा, सुका चारा आणि टाकीवरचा बर्फ फोडायला माणूस नसेल, तर सिकाच पाळावं.