ताऱ्यांच्या रेषा: एकच लांब एक्सपोजर की शेकडो छोट्या फ्रेम?

रात्री तारे सरकताना उमटणाऱ्या रेषांचा फोटो काढायचाय; ट्रायपॉड आहे, बल्ब मोड (शटर हवा तेवढा वेळ उघडं ठेवायची सोय) ठाऊक आहे, फोकस अनंतावर कसा लावायचा तेही जमतंय, असं धरून चालतो. प्रश्न एवढाच उरतो: शटर एकदाच उघडून चाळीस मिनिटं तसंच ठेवायचं, की तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम सलग घेऊन घरी कॉम्प्युटरवर एकावर एक रचायच्या? मी दोन्ही करून पाहिलंय, तेही सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, आटपाडी-जतकडच्या माळांवर. तुमची जागा वेगळी असेल तर उत्तरही थोडं वेगळं येईल.

आधी लांब एक्सपोजरची बाजू, कारण हल्ली ती कुणी घेत नाही. रेषा अखंड येते. मोठ्या प्रिंटवर नाक लावून पाहिलं तरी कुठे सांधा दिसत नाही. फाइल एकच, घरी आलं की झोपायला मोकळे. फिल्मवर काम करणाऱ्यांनी तर दुसरीकडे बघूच नये. डिजिटलमध्ये मात्र सेन्सर तापतो आणि काळ्या आकाशात तांबडे-निळे ठिपके उगवतात. ते घालवायला लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन लावलं, तर चाळीस मिनिटांच्या फोटोमागून कॅमेरा तेवढाच वेळ बंद शटरची काळी फ्रेम घेत बसतो. डिसेंबरच्या थंडीत हा दुसरा अंक फार लांबतो.

उजेडाचं गणितही छोट्या फ्रेमच्या बाजूचं आहे. तारा सेन्सरवरून सरकत असतो, एका पिक्सेलवर जेमतेम काही सेकंद टिकतो. म्हणून शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी रेषा लांबते, उजळत नाही. आकाशाचा उजेड मात्र साचत राहतो. तो आवरायला अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंत मिटायचं (लेन्सचं भोक लहान करायचं), आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० वर आणायचा, की मंद तारे गायब. छोट्या फ्रेमना एफ/२.८ आणि आयएसओ ८०० सहज चालतं. रचताना प्रोग्रॅम बेरीज करत नाही, प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ पिक्सेल तेवढा ठेवतो, त्यामुळे आकाश काळंच राहतं. मृगातल्या काक्षीची (बीटलज्यूस) रेषा तांबूस आणि राजन्याची (रायजेल) निळसर, हा फरक मला तरी छोट्या फ्रेममध्येच नीट दिसला.

इथवर कुणी म्हणेल, चव ज्याची त्याची. माझा निर्णय झाला तो उसाच्या ट्रॅक्टरमुळे.

आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो, क्षितिजापासून साधारण १७ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश भरते, म्हणजे ध्रुव पावणेदोन मुठींवर. पूर्ण वर्तुळं फक्त त्याच्या जवळच्या ताऱ्यांची, बाकीचे तारे जमिनीत बुडतात. तेव्हा ध्रुवाभोवतीचा फोटो हवा तर जमीन फ्रेममध्ये येणारच, आणि जमीन आली की रस्ता आला. त्यात निरभ्र आकाशाचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकच. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आल्यापासून पूर्वेकडेही ऊस दिसतो. दोन ट्रॉल्या, वर गाणी, पुढे ढणढणीत हेडलाइट. पस्तीस मिनिटं सगळं शांत जातं आणि मग वळणावरून एक प्रकाशाचा झोत अख्ख्या माळावर फिरतो. बाभूळ पांढरीफटक, फोटो संपला. त्यात ट्रॅक्टरवाला गडी ट्रायपॉड बघून थांबणार आणि विचारणार, "पाव्हणं, मोजणी हाय व्हय?" अंधारात आपल्याला दिसावं म्हणून दिवे तसेच चालू ठेवणार. त्याच्यावर चिडायचं तरी कसं!

छोट्या फ्रेममध्ये हाच प्रसंग दोन-चार फायलींत आटोपतो. त्या फ्रेम काढून टाकू नका, नाहीतर प्रत्येक रेषेत एकाच ठिकाणी तुटका भाग येतो. त्यांच्यातल्या जमिनीवर काळा ब्रश फिरवा, आकाशाला हात लावू नका. उजळ पिक्सेलच टिकत असल्याने जमीन बाकीच्या फ्रेममधून आपोआप भरून येते. विमानं आणि उपग्रहांच्या आडव्या रेघाही अशाच पुसता येतात. आणि लेन्सवर दव धरलं (कृष्णाकाठी ते हमखास, जतकडे कमी), तर धुरकट व्हायच्या आधीच्या फ्रेम तरी हातात राहतात.

कटकटी याच्याही आहेत. दीड तासाच्या १८० फायली होतात, आणि जुना लॅपटॉप त्यावर बराच वेळ कुंथतो. दोन फ्रेममधली सेकंदभराची फट जवळून पाहिल्यास दिसते. स्टारस्टॅक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फटी भरायची सोय आहे, ती बऱ्यापैकी काम करते, तरी लांब एक्सपोजरची सफाई येत नाही असं माझं मत. ज्यांची जागा खरोखर रस्त्यापासून आत आहे, डोंगराआड, आणि कॉम्प्युटरचा कंटाळा आहे, त्यांनी एकच लांब फोटो घ्यावा, बिघडत काही नाही. बाकीच्यांना मी छोट्या फ्रेमच सुचवेन.

तेवढं नॉइज रिडक्शन मात्र निघण्याआधी घरीच बंद करा. ते चालू राहिलं तर दर तीस सेकंदांच्या फ्रेमनंतर तीस सेकंदांची फट पडते, आणि ती कुठलाही प्रोग्रॅम भरून देत नाही.