धरमपेठेतलं रशियाचं लेक्चर, ८०० रुपयात चार रविवार

चार स्टार. पाचवा काऊन कापला ते खाली लिहितो.

भाच्याला एमबीबीएसला रशियात पाठवायचं ताईच्या डोक्यात बसलंय, एजंटचा रोज फोन, म्हणून म्हटलं आधी तो देश तरी समजून घेऊ. धरमपेठेत यूपीएससीचा एक क्लास आहे तिथं हे लेक्चर लावलं होतं, बाहेरच्यांनाही एन्ट्री. मला वाटलं नोट्स वाचून दाखवतील अन् सोडतील, पण सरांनी कागद हातातच घेतला नाही राजेहो.

१९९५ चा रशियन सरकारनं सरकारी कंपन्यांचे शेअर तारण ठेवून बँकांकडून कर्ज घ्यायचा घोळ मला पेपरात वाचून कधीच कळला नव्हता. सर म्हणाले, समजा शेत सावकाराकडं गहाण टाकलं, सोडवता नाही आलं, लिलाव निघाला तर लिलाव करणारा सावकारच अन् बोली लावणारा पण त्याचाच माणूस. सरकारच्या तिजोरीत खडखडाट, बँकवाल्यांनी कर्ज दिलं, ते काही फिटलं नाही अन् युकोस, सिबनेफ्त, नोरिल्स्क निकेल असे तेलाचे अन् निकेलचे डोंगर मूठभर लोकांच्या घरात गेले. मागं बसलेले वर्ध्याकडचे एक काका एवढ्या जोरात हसले की सरच थांबले.

दुसरा रविवार सगळ्यात भारी. पुतिन सत्तेवर आला, मग मीडियावाल्या गुसिन्स्कीचं एनटीव्ही चॅनल हातचं गेलं, दुसरा अब्जाधीश बेरेझोव्स्कीनं २००० मध्ये देश सोडला अन् पुढं ब्रिटनमध्येच राहिला. युकोसवाला खोदोरकोव्स्की मात्र गेला नाही, तेव्हा देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस, विरोधी पक्षांना पैसे देत होता, ऑक्टोबर २००३ मध्ये सायबेरियातल्या विमानतळावर उचलला तो थेट डिसेंबर २०१३ मध्ये माफी मिळून सुटला अन् तडक जर्मनीला गेला. त्याच २००३ मध्ये सिबनेफ्तवाल्या अब्रामोविचनं लंडनचा चेल्सी फुटबॉल क्लब विकत घेतला! दोघंही तेलवालेच ना, पण एक पुतिनच्या विरोधात गेला अन् एक नाही गेला. पुढं बेरेझोव्स्कीनं याच अब्रामोविचवर लंडनच्या कोर्टात केस टाकली, तिथं अब्रामोविचकडून सांगितलं गेलं की बेरेझोव्स्कीला दिलेले पैसे 'क्रिशा'चे होते. क्रिशा म्हणजे छप्पर, म्हणजे वरून संरक्षण. २०१२ मध्ये निकाल अब्रामोविचच्या बाजूनं. भांडण मॉस्कोचं अन् निवाडा लंडनचा, हे मला लय मजेशीर वाटलं.

तिसऱ्या रविवारी श्रीमंतांचा व्हिसा. २००८ पासून ब्रिटनमध्ये १० लाख पौंड गुंतवा अन् राहा, २०१४ मध्ये ते २० लाख केलं, अन् स्कीम बंद कधी, तर फेब्रुवारी २०२२, युक्रेनवर हल्ला व्हायच्या आठवडाभर आधी. चौदा वर्षं झोपले होते का बाप्पा?

आता पाचवा स्टार. सप्टेंबर २०२२ मध्ये पुतिननं ३ लाख राखीव सैनिक बोलावले तेव्हा जॉर्जियाच्या बॉर्डरवर लोक सायकली, स्कूटर घेऊन देश सोडून निघाले होते, गाड्यांची रांग किलोमीटर किलोमीटर. हे सरांनी शेवटच्या रविवारी दहा मिनिटांत उरकलं. तीन रविवार अब्जाधीश अन् सायकलवाल्याला दहा मिनिटं! मी हात वर केला, यांना पुढं युरोपचा व्हिसा मिळाला का, खर्च कसा भागवतात, तर सरांनी घड्याळ बघितलं.

बाकी कूलरचा आवाज जास्त अन् हवा कमी, पार्किंग नाहीच, गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा अन् पाण्याची बाटली घरून न्या. भाचा चारही रविवार आला, वही भरली पूर्ण, एजंटचा फोन आता उचलत नाही, ताई मला विचारते काय शिकवलं रे त्याला.