केबिन साईजची ट्रॉली घेताय? आधी घरातली टेप काढा (इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बॅगवाल्याचा अनुभव)

दुकानाला ५ पैकी ५, आणि त्याआधी ऑनलाइन मागवलेल्या बॅगेला २. ते २ पण चाकं छान फिरतात म्हणून दिलेत. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण नंतर नीट बघितलं तर हीच गडबड बऱ्याच कंपन्यांच्या बॅगांत आहे.

झालं असं की लेकीचं डोहाळजेवण पुण्याला होतं आणि मुलाने माझं इंदूर-पुणे तिकीट काढलं ते नुसत्या हॅन्ड बॅगेजवालं, म्हणजे चेक-इन सामान शून्य. २०२१ पासून डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं) विमान कंपन्यांना अशी स्वस्त तिकिटं विकायची परवानगी दिलीये, सामान नसेल तर भाडं कमी. तिकीट चांगलंच आहे, दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला अगदी योग्य, पण त्यात अट अशी की एअरपोर्टवर ऐनवेळी बॅग आत टाकायची वेळ आली तर तिथला रेट लागतो आणि तो आधी घरून बुक केलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. मला वाटलं आपल्याकडे केबिन साईजची बॅग आहे, टॅगवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, २० इंची, मग कशाला काळजी.

काउंटरवर बॅग काट्यावर ठेवली तर ९ किलो २००. शेजारी ती लोखंडी चौकट असते ना मापाची, त्यात घालायला सांगितली तर चाकं वरच राहिली. मागे लाईन, पुढे काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणतेय मॅम सात किलो अलाउड आहे, आणि मी तिथे फरशीवर बसून बॅग उघडतेय, महेश्वरी साड्या वर, त्याच्याखाली दोन किलो शेव, खाली लेकीसाठी शिवलेली गोधडी. एवढं वाईट वाटलं मला. काय काढणार आणि कुणाला देणार, सोडायला आलेला मुलगा तर केव्हाच परत निघून गेला होता. शेवटी पैसे भरले आणि बॅग आत दिली, तिकिटात वाचवले त्याच्यापेक्षा जास्त गेले. त्या मुलीची काही चूक नव्हती हे मात्र सांगते, उलट तिनेच विचारलं की बॅगेत पॉवर बँक आहे का, होती, ती काढून पर्समध्ये ठेवायला लावली.

पुण्याहून परत आल्यावर पहिलं काम केलं ते शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप काढून बॅग मोजली. टॅगवरचे २० इंच म्हणजे साधारण ५१ सेंटीमीटर, पण ते नुसत्या डब्याचे! चाकं आणि वरची मूठ धरून उंची भरली ५७. रुंदी ३८, जाडी २६. बेरीज १२१. आपल्याकडे देशातल्या फ्लाइटला इकॉनॉमीत बहुतेक कंपन्यांची मर्यादा तिन्ही बाजू मिळून ११५ सेंटीमीटर आहे, आणि ती बॅगच्या सगळ्यात बाहेरच्या टोकापासून, चाकं-हॅन्डल-पुढचा फुगलेला खिसा सगळं धरून. त्यात ह्या बॅगेला ती जास्तीची चेन आहे, उघडली की जाडी वाढते, मी शेव बसवायला ती पण उघडली होती. मग किचनमधल्या काट्यावर रिकामी बॅग ठेवली तर ३ किलो ४००. म्हणजे सात किलोतली जवळजवळ अर्धी बॅगच खाऊन टाकते, माझ्या सामानाला उरले ३ किलो ६००. हे सात किलो बॅगेसकट असतात हे मला माहीतच नव्हतं, खरं सांगते, मी सामान वेगळं मोजून साडेपाच किलो भरलं म्हणून खूश होते.

आता दुकानाबद्दल. राजवाड्याच्या मागच्या बाजूच्या गल्लीत बॅगा रिपेअर करणारं छोटं दुकान आहे, बाहेर शाळेच्या बॅगा टांगलेल्या असतात आणि आत ट्रॉल्या एकावर एक रचलेल्या. मी खरं तर जुन्या बॅगेची चाकं छोटी बसवून मिळतील का विचारायला गेले होते. भाईसाहबांनी बॅग फिरवून बघितली आणि सरळ सांगितलं की चाकं बदलून दीड इंच कमी होईल पण वजनाचं काय करणार, राहू द्या, पैसे नका घालवू. मग नवीन बघायला मागितल्या तर म्हणाले, "आंटीजी, पहले खाली बैग तौलो, फिर रंग पसंद करो." आणि खरंच काउंटरखालून काटा काढला, एकेक रिकामी बॅग त्यावर ठेवायला लागले. कडक कवचाच्या ज्या चकचकीत बॅगा आपल्याला आवडतात त्या पावणेतीन ते साडेतीन किलोच्या निघाल्या. कापडी दोन चाकांची एक होती, ती १ किलो ९००. टेप त्यांनीच लावली, ५४ बाय ३५ बाय २०, चाकं धरून. चाकं अर्धी आत बसवलेली आहेत म्हणून उंची वाढत नाही. चार चाकांवाली सरळ उभी चालते, ही तिरकी ओढावी लागते, त्याने मनगटाला थोडा त्रास होतो, पण एअरपोर्टवर किती चालणार असं म्हणून घेतली.

ह्या २० सेंटीमीटर जाडीचं महत्त्व मला त्यांनीच समजावलं आणि घरी येऊन मी कंपन्यांच्या साईटवर जाऊन खात्री करून घेतली. इंडिगो आणि अकासाचं माप आहे ५५ बाय ३५ बाय २५. एअर इंडियाचं ५५ बाय ४० बाय २०. बेरीज दोघांची ११५ च, पण आकार वेगळा. म्हणजे २५ जाडीची बॅग एकीकडे बसेल आणि दुसरीकडे अडेल, बेरीज बरोबर असूनसुद्धा. आणि जाताना एका कंपनीने, येताना दुसरीने असं तर आपण नेहमीच करतो, जे स्वस्त मिळेल ते. म्हणून ज्याला एकच बॅग घ्यायचीये त्याने तिन्ही बाजूंची लहान मापं धरावीत, ५५-३५-२० च्या आतली. परदेशी कंपन्यांची मापं अजून वेगळी असतात, एमिरेट्सला पण इकॉनॉमीत सातच किलो आहे.

पर्सचं पण विचारतात लोक. आपल्याकडे सिक्युरिटीचा नियम एका हॅन्ड बॅगचा आहे, त्याच्याबरोबर लेडीज पर्स किंवा छोटी लॅपटॉप बॅग चालते. इंडिगोत ती तीन किलोपर्यंत असं स्पष्ट लिहिलंय. पण मोठी झोळी, शिवाय खाऊची पिशवी, शिवाय ट्रॉली हे नाही चालत, आणि आपल्याकडच्या बायका (मी पण) नेमकं तेच करतात, शेवटच्या क्षणी शेजारीण डबा आणून देते तो हातातच राहतो.

बॅगेबरोबर त्यांच्याकडूनच हातात धरायचा लगेज काटा घेतला, ३५० रुपये. त्याचं वेगळं सांगते कारण मला बॅगेपेक्षा हीच वस्तू जास्त कामाची वाटली. पट्टा बॅगच्या मुठीत अडकवायचा, दोन्ही हातांनी उचलून स्थिर धरायचं, टीं वाजलं की आकडा थांबतो. खरं-खोटं बघायला आट्याचं न उघडलेलं ५ किलोचं पॅकेट पिशवीत घालून टांगलं, ५.०४ दाखवलं, पिशवीचं वजन धरलं तर एकदम बरोबर. नंतर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर पण भरलेली बॅग ठेवून बघितली, ४० ग्रॅमचा फरक. तक्रार एकच, उचलताना हात हलला तर आकडा नाचत राहतो, आणि माझ्यासारखीला सात किलो खांद्याइतकं उचलून धरणं जड जातं, खुर्चीवर बॅग ठेवून तिथून थोडीशी उचलली तर सोपं पडतं.

बॅगेतले दोष पण लिहिते. पुढच्या खिशाची चेन पहिल्या आठवड्यात अडकायची, मेणबत्ती घासली तेव्हा सुटी झाली. हॅन्डल पूर्ण वर ओढलं की थोडं डुगडुगतं. आतलं अस्तर पातळ आहे. १८५० रुपयांत ह्यापेक्षा जास्त अपेक्षा मी तरी करत नाही, आणि चाक गेलं तर तेच बसवून देणार आहेत. घासाघीस मात्र अजिबात करू देत नाहीत, मी बराच प्रयत्न केला.

नंतर ह्याच बॅगेने दोनदा प्रवास झाला, ६ किलो ८०० आणि ६ किलो ९५०, कुणी काही बोललं नाही. चौकटीत सरळ खाली गेली. एकदा पाहुण्यांकडे इंदूरहून छोट्या एटीआर विमानाने गेले, त्यात वरचे कप्पे मुळातच लहान असतात, त्यामुळे नियमात बसणाऱ्या ट्रॉल्यासुद्धा शिडीपाशीच घेऊन खाली ठेवतात. माझीही घेतली, पैसे नाही लागत त्याचे. पण अशी बॅग हातातून जायच्या आधी पॉवर बँक, औषधं, दागिने काढून घ्या. पॉवर बँक विमानाच्या खालच्या, सामानाच्या कप्प्यात चालतच नाही, लिथियमची बॅटरी तापून पेटली तर खाली कुणाला कळणार पण नाही, केबिनमध्ये निदान विझवता तरी येते, म्हणून ती कायम आपल्याजवळ. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालते. आता पॉवर बँकेवरच्या मिलीअँपिअर-अवरवरून (एमएएच) ते कसं काढायचं तर मुलाने शिकवलं, २०,००० असेल तर २० ला ३.७ ने गुणायचं, ७४ आले, ठीक आहे. जिच्यावरचा छापील आकडा पुसून गेलाय ती घरीच ठेवा, वाचता आलं नाही तर अडवू शकतात.

खाण्यापिण्याचं आणि पूजेचं तर आपल्या लोकांनी नीट समजून घ्यायलाच हवं. शेव, चिवडा, लाडू हातात नेले तर काही नाही. पण जिरावण (पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला) आणि तिखटाचे डबे मी चेक-इनमध्येच टाकते, मिरचीपूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. तेलाचं लोणचं पण तसंच, चेक-इन नसेल तर सरळ कुरियर करा. अडकित्ता, कात्री, सुरी हातातल्या बॅगेत अजिबात नको, माझ्या सासऱ्यांचा पितळी अडकित्ता पानाच्या डब्यात राहून गेला होता, नशिबाने घरीच डबा उघडून बघितला, नाहीतर पन्नास वर्षांची वस्तू तिथल्या ट्रेमध्ये सोडून यावी लागली असती. कापूर आणि काडेपेटी तर ना वर ना खाली, दोन्हीकडे बंदी.

आणि नारळ. ओटीचा अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही हे ऐकून माझ्या विहीणबाईंचा विश्वासच बसला नाही. २०२२ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ जवळ ठेवता यावा म्हणून हंगामापुरती खास सूट काढावी लागली होती, म्हणजे एरवी नाहीच. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही टाकू नका, त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात धरतात. मी ओटीतला खण आणि मूठभर तांदूळ आणले, नारळ लेकीकडेच ठेवला, तिने त्याच्या वड्या केल्या.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एवढंच, क्रीम-शॅम्पू-तेल १०० मिलीच्या आतल्या बाटलीत आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. बाटलीवर छापलेला आकडा बघतात, २०० मिलीची अर्धी रिकामी बाटली चालत नाही. इंदूरहून मुंबईला जाऊन पुढचं विमान घेणार असाल तर घरूनच असं भरा.

दुकान दुपारी अडीचच्या सुमाराला जेवणासाठी बंद असतं, गर्दी टाळायची तर सकाळी अकराला जा, गाडी लांब लावून चालत जावं लागतं. जाताना स्वतःच्या प्रवासाचं तिकीट मोबाईलवर उघडून न्या, ते भाईसाहब आधी विमान कुठल्या कंपनीचं आणि किती किलोचं ते विचारतात, मगच बॅग दाखवतात.

माझं पुढचं तिकीट बारशाचं आहे. ह्या वेळी मुलाला सांगून १५ किलोवालं काढायला लावलं, डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि ती गोधडीची जोडीदार झबली-टोपडी सात किलोत मावणार नाहीत, काटा लावून बघितलं मी कालच, ११ किलो ३००.