शिकागो नदीवरील वास्तुकला-फेरी: जे दिसते आणि जे नदीवरून दिसत नाही

शिकागोला येणाऱ्या नातेवाइकांना मी आता कोणत्याही गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर नेण्याआधी नदीवरील वास्तुकला-फेरीला घेऊन जातो. सुमारे दीड तासाची ही बोटफेरी नदीच्या मुख्य प्रवाहातून आणि उत्तर-दक्षिण फाट्यांतून फिरते, आणि अमेरिकेतील उंच इमारत शंभर वर्षांत कशी बदलत गेली ते बसल्या जागेवरून पाहता येते. अशा फेऱ्या अनेक कंपन्या चालवतात. हा अभिप्राय त्यांपैकी कोणा एकीविषयी नसून एकूण या फेरीविषयी आहे.

सुरुवातीलाच 1924 मध्ये पूर्ण झालेली रिग्ली बिल्डिंग लागते. तिच्या पोलादी सांगाड्यावर चकाकी दिलेल्या भाजक्या मातीचे आवरण असून वर जावे तसा त्याचा पांढरा रंग अधिक शुभ्र होत जातो. समोरचा ट्रिब्यून टॉवर 1922 च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून निवडला गेला. त्याच्या माथ्यावरचे कमानदार टेकू युरोपातील मध्ययुगीन चर्चची आठवण करून देतात, पण ते इमारतीचा भार उचलत नाहीत. तो आतल्या पोलादावर आहे. नव्या सांगाड्याला जुना पोशाख घालण्याची ही धडपड समजली, की पुढच्या इमारती वाचणे सोपे जाते.

माझ्या मते संपूर्ण फेरीत सर्वांत जास्त वेळ पाहावी अशी वास्तू म्हणजे मरीना सिटी. बर्ट्रांड गोल्डबर्ग यांनी रचलेले, मक्याच्या कणसांसारखे दिसणारे हे 65 मजली दोन मनोरे 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. त्या काळात मध्यमवर्गीय कुटुंबे शहर सोडून उपनगरांत जात होती, आणि शहरातील इमारती रिकाम्या पडल्या तर तेथे काम करणाऱ्या सफाई कामगारांचे व लिफ्टचालकांचे काय होणार, या चिंतेतून त्यांच्या कामगार संघटनेने या प्रकल्पात पैसा घातला. म्हणूनच येथे पाण्याच्या पातळीवर बोटींचा धक्का, त्यावर 19 मजल्यांचा गोल चढत जाणारा वाहनतळ, वर घरे आणि शेजारी कार्यालये व नाट्यगृह असे सारे एकत्र आणले गेले. प्रत्येक घर मधल्या काँक्रीटच्या गाभ्यापासून पाकळीसारखे बाहेर रुंदावत जाते आणि अर्धगोल सज्जात संपते. घर, नोकरी आणि करमणूक एकाच आवारात देणारा हा इमारतीचा प्रकार एका सामाजिक प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मला, हे निवेदकाने आवर्जून सांगायला हवे. मी केलेल्या एका फेरीत मात्र शैलींची नावे भराभर सांगण्यात आली आणि ही हकिकत राहूनच गेली.

पुढे 1983 सालची 333 वेस्ट वॅकर ही इमारत नदीच्या वळणाबरोबर आपली हिरवट काच वळवते. मावळतीचे ऊन तिच्यावर पडलेले पाहायचे असेल तर उशिरा दुपारची फेरी घ्यावी. दक्षिण फाट्यावरून 110 मजली विलिस टॉवर दिसतो. ढाक्यात जन्मलेले अभियंता फझलुर रहमान खान यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून त्यांचा एकसंध जुडगा केला, त्यामुळे वाऱ्याचा रेटा पेलूनही इमारत 442 मीटरपर्यंत नेता आली. 1998 पर्यंत ती जगात सर्वांत उंच होती. 2017 ची 150 नॉर्थ रिव्हरसाइड ही इमारत रेल्वेमार्ग आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर उभी असल्याने पायथ्याशी अरुंद असून वर रुंदावते. ती पाहताना प्रत्येक वेळी बोटीवर शांतता पसरते.

या फेरीची खरी मर्यादा अशी, की या इतिहासाचा आरंभ नदीकाठी नाही. 1871 च्या आगीनंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या शिकागोत विल्यम ले बॅरन जेनी यांनी 1885 मध्ये धातूच्या सांगाड्याची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग बांधली. ती 1931 मध्ये पाडली गेली. (लोखंडी सांगाड्याची आपल्याकडची जुनी साक्ष म्हणजे मुंबईच्या काळा घोडा भागातील 1860 च्या दशकातले वॉटसन हॉटेल.) सर्वसामान्य शिकागोकरांची विटांची दुमजली घरे आणि बंगलेही नदीवरून दिसत नाहीत, त्यामुळे केवळ फेरी करून परतणाऱ्याला हे शहर उंच इमारतींपुरतेच कळते.

म्हणून फेरीनंतर पायी मोनॅडनॉक बिल्डिंगपर्यंत जावे, असा माझा आग्रह आहे. तिचा 1891 मधला उत्तर भाग 16 मजली असून विटांच्या भिंतीच त्याचा भार वाहतात, आणि त्यासाठी तळाशी त्या सुमारे सहा फूट जाड कराव्या लागल्या. दोनच वर्षांनी जोडलेला दक्षिण भाग पोलादी सांगाड्यावर उभा आहे. जॅक्सन बुलेव्हार्डच्या बाजूने आत शिरताना जोत्याजवळच्या खिडकीच्या कोनाड्यात हात घालून पाहावा. भिंत किती खोल आहे ते तिथे हाताला कळते.