एका कमरेत दोन पर्याय: एसआय सांध्याला स्क्रू की त्रिकोणी सळया?

माझ्या कमरेत उजवीकडे दोन स्क्रू आहेत आणि डावीकडे तीन त्रिकोणी सळया. हौस म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंचे एसआय (सॅक्रोइलिअ‍ॅक) सांधे, म्हणजे कण्याच्या तळाचं त्रिकास्थी हाड आणि कमरेचं हाड यांमधले सांधे, दुखायचे. उजवा जास्त, म्हणून शस्त्रक्रियेनं तो आधी जखडून घेतला. डाव्याची पाळी येईपर्यंत दोन वर्षं गेली आणि तेवढ्यात माझं मत बदललं. आता कोणी विचारलं की यातलं काय घ्यावं, तर रात्री कूस बदलताना मला जे कळतं तेच सांगतो.

पट्टा, व्यायाम, सांध्यातलं इंजेक्शन, रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेनं नस बधिर करणं) हे सगळं करून दमलेल्यांसाठी हे लिहितोय, त्यामुळे सांध्याबद्दल याहून जास्त सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट आधी. सी-आर्मखाली (फिरत्या एक्स-रे यंत्राखाली) सुई सांध्यातच आहे हे बघून बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि तरीही दुखणं निम्म्याच्या खाली आलं नाही, तर पुढचं वाचायची घाई करू नका. जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांपैकी साधारण 15 ते 30 टक्के जणांचं मूळ या सांध्यात असतं असं धरतात, म्हणजे बहुतेकांचं दुसरीकडेच असतं. दुखणं मणक्याचं आणि जखडला एसआय सांधा, तर दुखणं जागच्या जागी राहतं, वर धातू बसतो तो वेगळाच. माझं इंजेक्शन दोनदा झालं. दुसऱ्यांदा मीच मागितलं.

आता स्क्रू. त्यांची बाजू पडकी आहे असं समजू नका. स्क्रू आटे घेत आत जातो तेव्हा, त्याची घडण तशी असेल तर, दोन्ही हाडं एकमेकांकडे ओढतो. काही स्क्रू पोकळ असतात, त्यांत हाडाचा चुरा भरतात, म्हणजे सांध्यातून हाड आरपार वाढायला वाव मिळतो. पहिल्या महिन्यात उजवी बाजू मला अशी काही घट्ट वाटली की डावीसाठीही हेच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि उद्या काढायची वेळ आलीच तर स्क्रू उलटा फिरवून निघू शकतो. त्रिकोणी सळईच्या खडबडीत टायटॅनियमला एकदा हाड धरलं की ती छिन्नीनं मोकळी करावी लागते. हा मुद्दा स्क्रूच्या पारड्यात टाकायलाच हवा.

माझं बिनसलं ते साधारण आठव्या महिन्यानंतर, आणि तेही चालताना नाही, अंथरुणात. एसआयवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: गुडघ्यांत उशी घट्ट धरायची, श्वास रोखायचा आणि ओंडक्यासारखं एका दमात वळायचं. शस्त्रक्रियेनंतर ही कसरत सुटली होती. एका रात्री झोपेत उजवीकडे वळलो आणि नितंबाच्या वरच्या खळगीत ती ओळखीची कळ आली. दुसऱ्या रात्री पुन्हा आली. तिसऱ्या रात्री मी कपाटातून उशी काढली. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच, ती उशी परत येणं. एक्स-रेमध्ये वरच्या स्क्रूभोवती केसाएवढी काळी रेघ दिसत होती. ‘जरा सैल झालाय, वाट पाहू,’ असं सांगण्यात आलं. मी वाट पाहिली. अजूनही पाहतोय.

का सैल झाला, हे मला डाव्या बाजूच्या सर्जननी टेबलावरचं पेन हातात धरून समजावलं. हा सांधा हलतो जेमतेम दोन-चार अंश, पण पाऊल टाकलं की हलतो. त्रिकास्थी किंचित पुढे झुकते, किंचित मागे येते. हे झुकणं ज्या आसाभोवती होतं तो साधारण आडवा असतो आणि बाजूने घातलेले स्क्रूही आडवेच. दोन्ही घट्ट असतील तोवर ठीक. एकाने पकड सोडली की उरलेला बिजागरीच्या खिळ्यासारखा वागतो, कारण गोल दांडा गोल भोकात फिरू शकतो. मग त्यांनी पेन ठेवून त्रिकोणी दांड्याचा नमुना माझ्या हातात दिला. जाडी साधारण 7 मिलिमीटर, अंग वाळूच्या कागदासारखं. त्रिकोणी भोकात बसलेला त्रिकोण फिरणार कसा? आधी तार, मग ड्रिल, मग त्रिकोणी टोच्यानं भोकाला कोपरे पाडायचे आणि सळई हातोडीनं ठोकून बसवायची. ऐकायला सुतारकामच. 2008 साली अमेरिकेत एफडीए या औषध-उपकरण नियामकाची मोकळीक मिळालेलं ‘आयफ्यूज’ हे उपकरण याच जातीचं.

त्रिकोणाचा त्रास नाही असं नाही. डाव्या बाजूनंतर पोटरीत आठवडाभर मुंग्या येत होत्या. सळई लांब गेली किंवा तिरकी बसली तर तिथल्या नसेला लागू शकते हे वाचून ठेवलं होतं, त्यामुळे सीटी स्कॅन होईपर्यंत झोप उडाली. सळया जागेवर निघाल्या, मुंग्या आपोआप गेल्या. कुबड्या मात्र चुकल्या नाहीत. त्या पायावर जेमतेम भार टाकायचा, दोन्ही हात अडकलेले, पाण्याचा पेला या खोलीतून त्या खोलीत नेता येत नाही. मी झाकणाची बाटली गळ्यात अडकवून फिरायचो. पण कुबड्या उजव्या वेळीही होत्या, तेव्हा त्यांनी माझं पारडं इकडचं तिकडे केलं नाही.

कुबड्यांचाच धसका असेल तर तिसरा पर्याय कानावर आला असेल: पाठीमागून छोट्या छेदातून दात्याच्या हाडाची पाचर सांध्यातच ठोकतात. छेद लहान, उठून चालणं लवकर. मला तो मोहात पाडत होता. पण माझ्यासारख्या एकदा पोळलेल्याला पाचर म्हटलं की निसटणंच आठवतं. बाजूने घातलेली सळई दोन्ही हाडांना आरपार धरते, पाचर फटीत बसते. ही माझी भीती असेल, तुमच्या सर्जनचा अनुभव वेगळा असू शकतो.

पुराव्याचं म्हणाल तर त्रिकोणी सळयांवर यादृच्छिक चाचण्या (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेल्या) झाल्या आहेत, अमेरिकेतली 148 जणांवरची आणि युरोपातली 103 जणांवरची. इंग्लंडच्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्ये या कमी चिरफाडीच्या शस्त्रक्रियेला अनुकूल मार्गदर्शन दिलं. मात्र या दोन्ही चाचण्यांत सळयांची तुलना बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांशी होती, स्क्रूंशी नव्हे, आणि पैसा सळया बनवणाऱ्या कंपनीचा होता. त्यामुळे ‘त्रिकोण स्क्रूपेक्षा सरस’ हे या आकड्यांवरून मी म्हणणार नाही. शिवाय माझी उजवी आणि डावी वेगवेगळ्या हातांनी झाली. स्क्रू वाईट की बसवणारा, हे माझ्या कमरेवरून ठरत नाही. स्क्रू घेऊन पाच-सहा वर्षं मजेत फिरणारे मला भेटले आहेत.

तुमचे सर्जन वर्षानुवर्षं स्क्रूच घालत असतील तर माझ्या सांगण्यावरून त्यांना नवं हत्यार धरायला लावू नका. फक्त विचारा, की त्यांनी केलेल्यांपैकी किती परत उघडावे लागले आणि कशामुळे.

डाव्या कुशीवर मी आता उशीशिवाय झोपतो. उजव्या बाजूचा एक्स-रे पुढच्या महिन्यात आहे. रेघ रुंदावली असेल तर वरचा स्क्रू काढायचं ठरलंय आणि त्या जागी काय घालायचं हे मी आधीच सांगून ठेवलंय.