हप्ते मी भरतो, गाडी मला द्या

गेल्या महिन्यात मेहुण्याने एका जाहिरातीचा फोटो पाठवला. 'लोनवाली लक्झरी गाडी, फक्त हप्ते भरा आणि घेऊन जा.' पांढरी गाडी, शेजारी सिमेंटचा खांब, खांबावर पिवळ्या रंगात बी-14. तो खांब आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा आहे आणि ती गाडी माझी होती. नंबरप्लेट झाकायला एक बोट पुढे आलंय. ते बोट कुणाचं, तेही मला माहीत आहे. त्या फोटोसाठी गाडी पुसून चकचकीत मीच करून ठेवली होती.

गाडी आता माझ्याकडे नाही आणि त्याच्याकडेही नाही. जाहिरात मात्र चालू आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देण्याचं, वर्कशॉप आहे. धातू कापणारी संगणकावर चालणारी मशीन, चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी, अकरा माणसं. 2022 साली काम जोरात होतं. ऑगस्टमध्ये जर्मन सेडान घेतली, ऑन-रोड 48 लाखांना. पैकी पेट्रोल गाडीचा 13 टक्के रस्ताकर आणि विमा हे पैसे गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की परत मिळत नाहीत, हे तेव्हा कळत होतं पण मनावर घेतलं नाही. 40 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 60 हप्ते. हप्ता 83,033 रुपये. बायको एवढंच म्हणाली, "अहो, एवढ्यात अजून एक व्हीएमसी आली असती." ती वर्कशॉपचे हिशोब बघते. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी हसलो.

26 हप्ते बिनबोभाट गेले. 2024 च्या दिवाळीच्या आधी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने काम थांबवलं आणि आधीच्या दोन बिलांचे पैसेही अडकवले. आमच्यासारख्यांची बिलं जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करावीत असा 2006 चा कायदा आहे. पण ज्याच्याकडून उद्या काम हवंय त्याला आज कायदा दाखवायचा कसा? पगार थांबवणं शक्य नव्हतं. नोव्हेंबरचा हप्ता बाऊन्स झाला, मग डिसेंबरचा.

बँकेकडून फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज एकरकमी मिटवायचं, पत्र मागवलं. मुद्दल, थकलेले दोन हप्ते, मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड, त्या दंडावर 18 टक्के जीएसटी, सगळं धरून 26 लाख 70 हजार. जुन्या गाड्यांच्या डीलरने गाडीखाली टॉर्च मारून, बॉनेट उघडून 23 लाख सांगितले. म्हणजे गाडी विकून वर खिशातले 3 लाख 70 हजार घालायचे आणि रिक्षाने घरी यायचं. व्यवहार सरळ होता: डीलर पैसे थेट बँकेत भरणार, बँक एनओसी (ना हरकत पत्र) देणार, आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा उतरणार, मग गाडी दुसऱ्याच्या नावावर. घरातलं सोनं ठेवून तेवढी रक्कम उभी राहिली असती. मी नाही म्हणालो. आकडा हे एक कारण. दुसरं असं, की डीलरचा माणूस सोसायटीत येऊन गाडी घेऊन जाणार आणि वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना कळणार. हे दुसरं कारण मी तेव्हा बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मग रात्री दीड वाजता मोबाइलवर एक जाहिरात दिसली: 'हप्ते मी भरतो, गाडी मला द्या.'

माणूस दुसऱ्याच दिवशी आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मला दादा, बायकोला वहिनी. चहा घेतला, पण पाणी आधी मागितलं. गाडी चालवूनही बघितली नाही. आज वाटतं, तिथेच समजायला हवं होतं. 23 लाखांचा माल कुणी टायर न बघता घेत नाही. त्याला गाडीपेक्षा माझ्या अडचणीत रस होता. किती हप्ते थकले, बँकेचे फोन येतात का, घरी कोणाकोणाला माहीत आहे, हे त्याने अगदी भावासारखं विचारलं. मीही सांगत गेलो. दोन महिन्यांत मला एवढं कोणी विचारलंच नव्हतं.

त्याचं म्हणणं असं. थकलेले दोन्ही हप्ते तो भरणार. मला वर दीड लाख रोख. पुढे दर महिन्याच्या तीन तारखेला हप्त्याची रक्कम माझ्या खात्यात, पाच तारखेला बँक कापून घेणार. सहा महिन्यांनी 'बँकेत नाव बदलून घेऊ.' डीलरकडे पदरचे 3 लाख 70 हजार जाणार होते, इथे दीड लाख हातात येत होते. शिवाय गाडी रात्री जाणार. तो म्हणालाच, "दादा, रात्री नेतो, उगाच चार लोकांत चर्चा नको." माझ्या मनातलं त्याने ओळखलं, याचं मला कौतुक वाटलं.

करार झाला पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. शंभराचा चालत नाही, त्याच ऑक्टोबरात बंद झाला, हे त्याच्या वकिलाने मला समजावून सांगितलं आणि या बारकाव्यानेच माझा विश्वास बसला. नोटरी झाली. अपघात, चलन, हप्ते यांची सगळी जबाबदारी 'पक्ष क्रमांक 2' ची, असं ठळक अक्षरांत. त्या कागदाची किंमत मला नंतर माझ्या स्वतःच्या वकिलाने सांगितली. कर्जाचा बोजा आरसीवर आहे तोवर बँकेच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होऊ शकत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 मध्ये आहे. कर्जाच्या करारातही लिहिलेलं असतं की बँकेला न विचारता गाडी कोणाच्या ताब्यात द्यायची नाही. मी ती दिली होती, नोटरी करून दिली होती. म्हणजे त्याने मला फसवायच्या आधी मी बँकेला फसवलं होतं आणि त्याचा लेखी पुरावा माझ्याच कपाटात होता. अपघाताचं तर आणखी कठीण. आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी त्याने कुणालाही विकलेली असो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. स्टॅम्पपेपरवरचा 'पक्ष क्रमांक 2' जखमी माणसाच्या वकिलापुढे उभा राहत नाही.

गाडीबरोबर मी काय काय दिलं तेही सांगतो, लाज वाटते तरी. दोन्ही किल्ल्या. मूळ आरसी. विम्याचे कागद. आधार आणि पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स, ज्यांवर 'कशासाठी' हे लिहिलं नव्हतं. सह्या केलेले कोरे फॉर्म 29, 30 आणि 35. पहिले दोन नाव बदलायचे, 35 बोजा उतरवायचा. 35 वर बँकेचीही सही आणि शिक्का लागतो, पण बनावट शिक्का मारणाऱ्याचं अर्धं काम मी करून दिलं होतं. बदल्यात मला मिळाले पुढच्या तारखांचे सहा चेक.

जानेवारीचे पैसे तीन तारखेला आले. फेब्रुवारीचेही. मी मेहुण्याला बढाई मारली. तो बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, "बँकेला कळवलंयस का?" मी विषय बदलला. मार्चमध्ये 'मुलीचं ऑपरेशन आहे दादा, आठ दिवस द्या.' एप्रिलमध्ये फोन बंद. चेक भरले तर खातंच बंद झालेलं.

गाडी कुठे होती हे मला माझ्या फास्टॅगने सांगितलं. तो माझ्याच मोबाइलला जोडलेला होता. आधी खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी अशा टोलनाक्यांचे मेसेज यायचे. मी समजायचो, माणूस कामाने कोल्हापूरला जातोय. मग कोगनोळी आलं, म्हणजे गाडी कर्नाटकात गेली. त्यानंतर एकही मेसेज नाही. टॅग काढून टाकला होता. पुढे अतिवेगाचं चलन आलं, फोटोत चालवणारा भलताच कोणीतरी. त्या दिवसांत मी रात्री उठून मोबाइल बघायचो. चलनाची भीती नव्हती. त्या गाडीखाली कोणी आलं तर पोलीस माझ्या दारात येणार, ही भीती होती. थर्ड पार्टी विमा ऑगस्ट 2025 ला संपत होता, ती तारीख बायकोने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली होती.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते, "गाडी तुम्हीच दिली ना? मग ही दिवाणी बाब आहे." अर्ज घेतला, पोच दिली नाही. वकिलाने दोन गोष्टी करायला लावल्या. एक, आधी बँकेला लेखी कळवायचं, सगळं खरं. हे मला सगळ्यात जड गेलं. दुसरी, ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे, आणि तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हा मार्ग दिलेला आहे. दुसऱ्याच पायरीवर काम झालं, कारण तोवर त्याच माणसाविरुद्ध तशाच तक्रारी घेऊन आणखी तिघे पुढे आले होते. एकाची एसयूव्ही, एकाची टुरिस्ट परमिटची गाडी, आणि एक मॅडम, ज्यांनी नवऱ्याच्या आजारपणात गाडी दिली होती. विश्वासघात आणि फसवणूक, भारतीय न्याय संहितेची कलमं 316 आणि 318.

वसुलीवाल्यांचे फोन तोवर सुरू झाले होते. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एकदा लेखी दाखवल्यावर रात्रीचे फोन थांबले. दिवसाच्या फोनवर प्रश्न एकच: "गाडी कुठंय?" हे मलाच जाणून घ्यायचं होतं.

जुलैत गाडी बेळगावकडे सापडली. ज्याच्याकडे सापडली त्या गृहस्थाने ती 11 लाखांना गहाण ठेवून घेतली होती, माझ्या आधारची झेरॉक्स आणि कोरा सही केलेला फॉर्म 30 जोडून. फोनवर म्हणाला, "तुमची सही बघूनच पैसे दिले." त्याचंही खोटं नव्हतं.

त्या दादा म्हणणाऱ्याचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला. मला दीड लाख, चार हप्त्यांचे 3 लाख 32 हजार, म्हणजे खर्च 4 लाख 82 हजार. मिळाले 11 लाख. 6 लाख 18 हजार सुटले. सुरुवातीचे हप्ते तो वेळेवर का भरतो, याचं उत्तर या बेरजेत आहे. तेवढ्या वेळात माणूस गाफील राहतो आणि गाडी राज्याबाहेर जाते. तीन तारखेला येणारे ते पैसे म्हणजे त्याच्या धंद्यातलं भांडवल.

मुद्देमालातून गाडी सोडवून बँकेच्या ताब्यात जायला सप्टेंबर उजाडला. दिली तेव्हा 31,000 किलोमीटर झालेली गाडी 58,000 झालेली होती. पुढचा बंपर दोरीने बांधलेला. डिकीत कन्नडमधली दोन लग्नपत्रिका आणि एक लहान मुलाची चप्पल. नोव्हेंबरात लिलाव झाला, साडेसोळा लाख आले. बँकेचं येणं व्याज-दंडासकट 24 लाखांवर गेलं होतं. फरक साडेसात लाख, माझ्या नावावर. गाडी बँकेने नेली की कर्ज संपतं असं अजून पुष्कळांना वाटतं. संपत नाही, कमी पडलेली रक्कम मागे येते.

आकडेच बघायचे तर 3 लाख 70 हजारांच्या जागी साडेसात, त्यातून मिळालेले दीड वजा. एवढंच असतं तर पोटात घातलं असतं. खरा फटका जूनमध्ये बसला. 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. तसं ते झालं, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर, कोसळलं आणि वर्कशॉपच्या सीसी लिमिटचं, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँकेच्या कर्जमर्यादेचं, नूतनीकरण अडकलं. गाडीचा वर्कशॉपशी काही संबंध नव्हता, पण सही एकाच माणसाची. ज्या मशीन आम्ही वाचवल्या असं मला वाटत होतं, त्यातली एक व्हीएमसी ऑक्टोबरात विकली. दोन पोरांना घरी पाठवावं लागलं.

बँकेने पाच लाखांत मिटवायची तयारी दाखवली होती. मेहुण्याने अडवलं. तसं केलं की सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची लिमिट देणारा तोच शेरा आधी वाचतो. त्याच्या ओळखीने नाही, नुसता अर्ज नीट लिहून, त्याने साडेसात लाखांचे 25 हजारांचे 30 हप्ते करून घेतले. मग म्हणाला, "डिसेंबर 2024 मध्ये असाच अर्ज केला असता तर मुदत वाढवून देतात का ते तरी कळलं असतं." शाखेत जाऊन विचारणं मला तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. तिथला मॅनेजर आमच्याच सोसायटीत राहतो.

तो माणूस जामिनावर बाहेर आहे. स्क्रीनशॉट तपास अधिकाऱ्यांना नेऊन दिला, त्यांनी नंबर टिपून घेतला. जाहिरातीतल्या त्या नंबरवर मी बायकोच्या फोनवरून फोन लावून बघितला. दुसऱ्या रिंगला उचलला. "बोला ना दादा," म्हणाला, "किती हप्ते थकलेत?"